गेम तुमचा, पान तुमचं, नावही तुमचंच

(बीड येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले काहीजण युनिटीवर, काहीजण गोडोवर गेम बनवताहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये जगभर विकायला गेला. म्हणजे हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. पण गेम बनवणं वेगळं आणि विकणं वेगळं. आज मी फक्त एकाच पानाबद्दल बोलणार आहे. ते म्हणजे ऑर्डरचं पान. गिऱ्हाईक तिथं पैसे देतं, नाहीतर न देता निघून जातं.

बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. तरी बाजारात आपण डोळे उघडलेत का ते बघतो, हलकेच दाबतो, मगच घेतो. गेम दाबून बघता येत नाही. ते काम पानानं करायचं असतं. म्हणून सगळ्यात वर गेमचं नाव, खेळणारा यात काय करतो हे सांगणारं एक वाक्य, प्रत्यक्ष खेळाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, किंमत आणि ‘विकत घ्या’ हे एकच बटण ठेवा. तुमच्या स्टुडिओची कहाणी खाली सांगा. जमलं तर पहिला टप्पा फुकट खेळायला द्या.

त्याखाली, पैसे देण्याआधी दिसेल अशा जागी, तीन गोष्टी लिहा: रॅम किती लागते, ग्राफिक्स कार्ड लागतं का, आणि डाउनलोड किती जीबीचं आहे. आपल्याकडं बरेचजण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करतात. जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळत असेल तर तसं स्पष्ट सांगा. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल बाहेर काढणाऱ्या पैगंबरांचा प्रसंग तुम्ही ऐकलेला आहे. ओलं धान्य वर ठेव, लोकांना दिसू दे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गेमच्या पानालाही तेच लागू आहे.

आता पैसे. किंमत रुपयांत आणि करासह लिहा. शेवटच्या पायरीवर आकडा वाढला की माणूस बिचकतो. डिजिटल माल विकताना घरचा पत्ता, जन्मतारीख विचारायची गरज नाही. ईमेल पुरे. खातं उघडायची सक्ती करू नका. यूपीआय 2016 मध्ये आलं आणि आज चहाच्या टपरीवरही चालतं, म्हणून तो पर्याय पहिला ठेवा. कार्डाचा नंबर स्वतःकडं साठवायचाच नाही. 1 ऑक्टोबर 2022 पासून विक्रेत्याला ती परवानगीच नाही. ते काम पेमेंट गेटवेवर सोडा.

सगळ्यात जास्त भांडणं एका ठिकाणी होतात: खात्यातून पैसे गेले, पण पानावर काहीच आलं नाही. नेटवर्क गेलं की हे होणारच. अशा वेळी कोरं पान दाखवू नका. लिहा: ‘पेमेंट तपासत आहोत, पुन्हा पैसे भरू नका.’ ग्राहकाच्या ब्राउझरवर विसंबू नका. गेटवेकडून तुमच्या सर्व्हरला थेट निरोप येतो, तो आला की डाउनलोडची लिंक ईमेलवर आपोआप जाऊ द्या. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्याला पेमेंटची खात्री मिळाली नाही तर व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. हे दोन ओळींत पानावर लिहा. घाबरलेल्या माणसाला तेवढ्यानं धीर येतो.

‘फक्त दहा मिनिटं उरली’ असं खोटं घड्याळ लावायचा सल्ला तुम्हाला मिळेल. केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 क्लृप्त्या मना केल्या आहेत: खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं. पण कायदा नसता तरी ही लबाडीच आहे. त्यापेक्षा परताव्याची अट साधी ठेवा. स्टीमवर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. तुम्हीही असंच काही ठरवा.

आपल्या घरांत गेम म्हटलं की आईवडलांना जुगार आठवतो. 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे. आपला गेम त्यातला नाही. पानावर लिहा: ‘एकदाच किंमत, आत कसलाही पैशाचा डाव नाही.’

आता थोडं अवघड. ‘पानावर मुसलमान नाव आणि बीडचा पत्ता टाकला तर कोण घेईल?’ असं आपल्यातली मुलं विचारतात. ही भीती हवेतून आलेली नाही, मी ती खोटी म्हणणार नाही. पण स्वतःच्या साइटवर विकणाऱ्यानं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क द्यायचा, असं 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. शिवाय अनोळखी माणसाला पैसे देताना गिऱ्हाईक आधी हेच शोधतं: गडबड झाली तर जबाब कोण देणार? लपवलेलं नाव संशय वाढवतं. ज्या नावानं तक्रारीला त्याच दिवशी उत्तर येतं, त्या नावावर हळूहळू भरवसा बसतो.

बहिणींनो, घरचा पत्ता जगासमोर मांडायचा नसेल तर इच किंवा स्टीमवरून सुरुवात करा. इचवर त्यांचा वाटा किती हे तुम्हीच ठरवता. स्टीम सुरुवातीला 30 टक्के घेतं, आणि प्रत्येक गेमसाठी 100 डॉलर आधी भरावे लागतात. पण कुठंही विका, पॅन आणि बँक खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं असू द्या. कोड तुमचा आणि कमाई भावाच्या खात्यात, हा हिशेब बरोबर नाही. भावांनी हे ऐकावं म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर सांगतोय.

शेवटी एक काम. पान तयार झालं की कधीच गेम न खेळणाऱ्या घरातल्या माणसाच्या हातात मोबाइल द्या आणि म्हणा, ‘हा गेम घेऊन दाखवा.’ मग गप्प बसा. मदत करू नका. ते जिथं थांबतील, तिथं बोट ठेवा. उद्याचं काम तिथूनच सुरू करा.