अवक्षेपण अभिक्रियांच्या समीकरणांचे संतुलन

दोन स्वच्छ द्रावणे एकत्र येताच त्यांतून एखादा अविद्राव्य, म्हणजे पाण्यात न विरघळणारा, घन पदार्थ वेगळा होऊन तळाशी बसू लागतो, तेव्हा त्या घनाला अवक्षेप आणि त्या क्रियेला अवक्षेपण म्हणतात. सोडिअम सल्फेटच्या रंगहीन द्रावणात बेरिअम क्लोराइडचे तितकेच रंगहीन द्रावण मिसळले की बेरिअम सल्फेटचा पांढरा अवक्षेप तत्काळ दिसतो आणि सोडिअम क्लोराइड, म्हणजे स्वयंपाकातील मीठ, द्रावणातच राहते. प्रयोग इतका सोपा असूनही त्याचे समीकरण लिहिताना अनेक विद्यार्थी अडखळतात. याचे कारण सहसा गणितातील कच्चेपणा हे नसते. द्रावणात कोणते कण वावरत आहेत याचे चित्रच त्यांच्या मनात तयार झालेले नसते.

अंत्वान लाव्हाझिए याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात, क्रियेपूर्वी आणि क्रियेनंतर द्रव्याचे प्रमाण सारखेच राहते, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले आणि संतुलनाची सक्ती तेथूनच येते. बेरिअम क्लोराइडच्या सूत्रात दोन क्लोराइड आहेत आणि सोडिअम सल्फेटच्या सूत्रात दोन सोडिअम आहेत, म्हणून उत्पादितांच्या बाजूला सोडिअम क्लोराइडची दोन सूत्रे लिहावी लागतात. ग्रॅममध्ये पाहिल्यास २०८ ग्रॅम बेरिअम क्लोराइड आणि १४२ ग्रॅम सोडिअम सल्फेट यांपासून २३३ ग्रॅम अवक्षेप आणि ११७ ग्रॅम मीठ तयार होते, म्हणजे दोन्ही बाजूंना ३५० ग्रॅम भरतात. मिठापुढील २ हा अंक विसरला तर ५८.५ ग्रॅम द्रव्य कागदावरून नाहीसे होते.

हा जो सूत्रापुढे लिहिला जाणारा अंक, त्याला सहगुणक म्हणतात आणि संतुलन करताना केवळ तोच बदलता येतो. चिन्हाच्या पायाशी लिहिलेला अंक, म्हणजे पादांक, हा त्या पदार्थाची ओळख सांगतो. मोजणी जुळत नाही म्हणून सोडिअम क्लोराइडमधील क्लोरीनच्या पायाशी २ लिहिला, तर क्लोरीनच्या अणूंची संख्या वरकरणी जुळल्यासारखी वाटते, परंतु लिहिलेला पदार्थ त्या परीक्षानळीत कोठेही नसतो.

सूत्रे अचूक असणे किती निर्णायक असते, हे कॅल्शिअम फॉस्फेटच्या अवक्षेपणात उत्तम दिसते. कॅल्शिअम क्लोराइड आणि सोडिअम फॉस्फेट यांची द्रावणे मिसळली असता हा पांढरा अवक्षेप मिळतो. आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेला अणू किंवा अणुगट. कॅल्शिअमच्या आयनावर दोन धनप्रभार असतात आणि फॉस्फेटच्या आयनावर तीन ऋणप्रभार असतात, त्यामुळे संयुग उदासीन होण्यासाठी दोन आणि तीन यांचा लघुतम साधारण विभाज्य जो सहा, तितके प्रभार दोन्हींकडून यावे लागतात, आणि म्हणून सूत्रात तीन कॅल्शिअम व दोन फॉस्फेट येतात. येथपर्यंत समीकरणाच्या संतुलनाला हातही लागलेला नाही, तरीही खरे काम झालेले आहे. तीन कॅल्शिअम हवेत म्हणून कॅल्शिअम क्लोराइडपुढे ३, दोन फॉस्फेट हवेत म्हणून सोडिअम फॉस्फेटपुढे २. यांतून सहा क्लोराइड आणि सहा सोडिअम मोकळे होतात, म्हणून मिठापुढे ६. एक फॉस्फरस आणि चार ऑक्सिजन मिळून झालेला फॉस्फेटचा गट या क्रियेत फुटत नाही, म्हणून तो अखंड मोजावा. ऑक्सिजनचे आठ अणू दोन्ही बाजूंना आपोआप जुळतात. अणू सुटे करून चाचपडत अंक बदलण्याची जी पद्धत अनेक वर्गांत प्रथम शिकवली जाते, ती या उदाहरणात विनाकारण थकवते.

क्षार पाण्यात विरघळताना त्यांचे आयन सुटे होतात, हा स्वान्ते अऱ्हेनिअस याचा सिद्धांत १८८४ सालच्या प्रबंधापासून आकार घेऊ लागला आणि त्यासाठी त्याला १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आधारे पाहता बेरिअम सल्फेटच्या क्रियेत सोडिअम आणि क्लोराइड आरंभीही सुटे होते आणि शेवटीही सुटेच राहतात. त्यांना प्रेक्षक आयन म्हणतात. ते वगळले की उरते ते निव्वळ आयनिक समीकरण: एक बेरिअम आयन आणि एक सल्फेट आयन मिळून एक बेरिअम सल्फेट. यात अणूंबरोबर प्रभारही दोन्ही बाजूंना समान आहे का, हे तपासावे लागते.

या अंकांवर व्यवहारही उभा राहिला आहे. गे-ल्युसॅक याने १८३२ साली चांदीचा कस काढण्याची ओली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून, ज्ञात सामर्थ्याचे मिठाचे द्रावण सिल्व्हर क्लोराइडचा अवक्षेप पडणे थांबेपर्यंत घालतात आणि लागलेल्या मिठावरून चांदी किती ते काढतात. एका सिल्व्हर आयनास एक क्लोराइड आयन लागतो, म्हणून १०८ ग्रॅम चांदीला ५८.५ ग्रॅम मीठ पुरते. हेच क्लोराइड बेरिअम क्लोराइडमधून आणले, तर त्याचे एक सूत्र सिल्व्हरच्या दोन आयनांना पुरेल आणि सहगुणक बदलतील, आयनिक समीकरण मात्र तेच राहील.

म्हणून शिक्षकांनी सहगुणकांचा सराव सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून प्रत्येक द्रावणातील आयन त्यांच्या प्रभारांसह लिहून घ्यावेत, आणि त्यांतील कोणती जोडी अविद्राव्य आहे हे त्यांनाच ठरवू द्यावे.