उंची वाढविलेल्या जीपला शॉक कोणते व किती खर्चाचे?
(शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पीकशास्त्र शिकविणाऱ्या मास्तराने गाडीच्या शॉकवर बोलायला उभे राहावे, हे काहींना वावगे वाटेल. पण भाताचे आवण, खताच्या गोणी, पेंढ्याचे भारे आणि भाजीच्या पाट्या ज्या वाहनातून जातात, ते वाहनही शेतीचे अवजारच आहे. नांगराचा फाळ आपण पारखून घेतो. शॉक मात्र मिस्त्री जो देईल तो घेतो.

बदलापूरकडून बारवी धरणाकडे जाणारे रस्ते, मलंगगडाच्या पायथ्याच्या वाड्या, वांगणीच्या बाजूची खाचरे, या भागात अनेकांकडे जुनी महिंद्र जीप, कमांडर, बोलेरो किंवा पिकअप आहे. पावसाळ्यात चाकोरी खोल होते आणि गाडीचे पोट मधल्या वरंब्याला घासते. मग कोणी पाट्यांत एक पाटा वाढवितो, कोणी शॅकल लांब करतो. गाडी इंच-दीड इंच वर येते व काम भागल्यासारखे वाटते. चार-सहा महिन्यांत मात्र मागचे शॉक गळू लागतात, डोळ्यातील बुश फाटतो, कधी चेसीवरचा ब्रॅकेटच उखडतो. दोष शॉकच्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात शॉकची लांबी बदललेल्या उंचीला पुरत नसते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. साधा शॉक गाडीचे वजन उचलत नाही. वजन पाटे किंवा कॉइल स्प्रिंग उचलतात. शॉकच्या नळीत तेल असते व दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. त्या छिद्रांतून तेल सावकाश जाते, म्हणून स्प्रिंगची उसळी जिरते. भरलेली गाडी मागे बसते म्हणून शॉक बदलणे हा पैशाचा अपव्यय आहे. तेथे पाटे तपासावेत. उलट खड्ड्यातून निघाल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत राहते, किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजलेला दिसतो, तेव्हा शॉक पाहावा.  नळीवर तेलाचा नुसता ओलसरपणा चालतो; ओघळ चालत नाही.

आता मापाकडे येऊ, कारण सारा खर्च वाचतो तो येथेच. गाडी सपाट जागी, नेहमीच्या ओझ्यासह उभी करावी. शॉकच्या वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. त्यानंतर चेसीला जॅक लावून चाक अधांतरी लोंबू द्यावे. मात्र चेसीखाली मजबूत घोडी दिल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. शॉकचे एक टोक सोडून चाक पूर्ण खाली गेल्यावर तेच अंतर पुन्हा मोजावे. तिसरे माप बंप रबराचे. चाक वर जाऊन बंप रबर पुरते दबल्यावर शॉकला किती जागा उरेल, ते पाहावे.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. तुमच्या गाडीचे वेगळे असतील. मूळ शॉक मिटलेला १२ इंच व उघडलेला १९ इंच आहे. पूर्वी गाडी उभी असताना तो १५.५ इंचांवर, म्हणजे बरोबर मध्यावर होता. दीड इंच उंची वाढल्यावर तो १७ इंचांवर आला. वर दबायला ५ इंच राहिले, खाली जायला फक्त २. बांध उतरताना चाक खाली लोंबते व शॉक ताणून कडक होतो. एक्सलचे व चाकाचे सारे वजन त्या दोन डोळ्यांवर लटकते. बुश फाटतो तो असा. शॉक तिरका बसविलेला असेल तर गाडी दीड इंच वर आली तरी शॉकची लांबी तेवढी वाढत नाही, म्हणून हिशेबावर न विसंबता टेपनेच मोजावे. तसेच शॅकल दोन इंच लांब केल्यास गाडी साधारण एकच इंच वर येते, हेही ध्यानात ठेवावे.

मग लांब शॉक घ्यावा का? येथे दुसरी चूक होते. दुकानदार हौशी लोकांचा खूप लांब शॉक दाखवितो. तो उघडतो भरपूर, पण मिटलेला असतानाही लांबच असतो. वरील गाडीत बंप रबर दबल्यावर १२.७५ इंच जागा उरते असे धरा. मिटून १४ इंच होणारा शॉक बसविला, तर रबर टेकण्याआधीच शॉकचा तळ लागेल. हा हातोड्याचा घाव पाव टन माल भरलेल्या गाडीत ब्रॅकेट तोडतो. त्याऐवजी मिटून १२.५ व उघडून २०.५ इंच होणारा शॉक शोधावा आणि बंप रबराखाली अर्ध्या इंचाची पक्की पॅकिंग द्यावी. आता वर साडेचार व खाली साडेतीन इंच चाल मिळते.

वाढ इंचभराच्या आतच असेल आणि लोंबत्या चाकाच्या मापात मूळ शॉक ताणला जात नसेल, तर मूळ लांबीचा नवा शॉक बसवावा. माझ्या मते आपल्यापैकी बहुतेकांना एवढेच पुरेल. मधला मार्ग म्हणजे मूळ शॉक ठेवून त्याचा ब्रॅकेट उंचीइतका लांबविणे. अंबरनाथच्या औद्योगिक भागात लेथ व वेल्डिंगची कामे करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून तो होऊ शकतो. मात्र ब्रॅकेट जेवढा वाढविला तेवढेच बंप रबरही खाली आणले पाहिजे, नाहीतर मघाचाच घाव पुन्हा बसतो. चेसीवर वेल्डिंगपेक्षा बोल्टचे काम बरे.

प्रकाराविषयी थोडे. दुहेरी नळीचा साधा तेलाचा शॉक सर्वांत स्वस्त. त्याची बाहेरची नळी दगड लागून जराशी चेपली तरी आत दट्ट्या चालत राहतो. सलग खडबडीत रस्त्यावर वेगाने धावल्यास तेल तापून त्यात फेस होतो व शॉक मऊ पडतो. हे टाळण्यासाठी कमी दाबाचा नायट्रोजन भरलेले दुहेरी नळीचे शॉक मिळतात. रोज लांबचा बाजार गाठणाऱ्या पिकअपला तेवढा जादा खर्च योग्य आहे. एकेरी नळीचे जास्त दाबाचे शॉक कित्येक पट महाग असून नळी चेपली की दट्ट्या अडकतो. शेतरस्त्यावर ताशी पंधरा-वीस किलोमीटरने जाणाऱ्यास त्यांची गरज नाही. परदेशी नावाला भुलू नये.

पाटा वाढविला असल्यास स्प्रिंग कडक होते व तिची उसळीही जोरदार होते, म्हणून उघडताना थोडा अधिक आवळणारा शॉक घ्यावा. थोडाच. फार कडक घेतल्यास रिकामी गाडी उडू लागते आणि माल हलका असेल त्या दिवशी नुकसान होते. बदलापूरचे जांभूळ ज्यांनी बाजारात नेले आहे त्यांना हे सांगायला नको. फळाची साल इतकी नाजूक की करंडी दणकली की तळातला थर रसच होतो.

खरेदीसाठी अनेकजण उल्हासनगरला जातात. तेथल्या मालाविषयीचे विनोद सर्वांना ठाऊक आहेत, पण सरसकट नाव ठेवणे अन्यायाचे होईल. अस्सल माल तेथेही मिळतो. पारख आपली हवी. जुना शॉक सोबत न्यावा. दोन्ही टोकांना डोळे आहेत की एका टोकाला आट्यांची पिन, आणि बुशच्या भोकाचा व्यास किती, हे जुळवावे. खोक्यावर भाग क्रमांक व छापील किंमत असावी व पक्के बिल घ्यावे. शॉक उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढावा व दाबावा. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागला पाहिजे आणि मध्येच पोकळ चाल लागता कामा नये. पहिल्या एक-दोन खेपांतील पोकळपणा आडवे ठेवल्याने असतो, तो निघून जातो. नवा रंग फासलेला दुरुस्त शॉक घेऊ नये. दांड्याच्या चकचकीत मुलाम्यावर ओरखडे दिसले तर परत करावा. एका एक्सलचे दोन्ही शॉक एकदमच बदलावेत. चारही एकदम परवडत नसतील तर ज्या एक्सलचे गळत आहेत ते आधी.

बसविताना मिस्त्रीकडे उभे राहावे. दांडा पकडीने धरू देऊ नये. एका ओरखड्याने सील जाते. रबरी बुशचे नट चाके जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनावर असतानाच शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळल्यास बुश कायम पिळलेला राहतो.

आणखी दोन बाबी शॉकपेक्षा महत्त्वाच्या आहेत. चाक पूर्ण लोंबत असताना ब्रेकची रबरी नळी ताणली जाते का, ते जरूर पाहावे. शॉक लांब घेतला म्हणजे चाक आणखी खाली जाते व नळीवर ताण येतो. दुसरी कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच दंडक सांगितला आहे. मूळ मापाचे शॉक बदलणे ही दुरुस्ती आहे. उंची वाढविणे ही निराळी गोष्ट. ज्यांनी अजून पाटा वाढविलेला नाही त्यांनी आधी चाकोरीतला मधला वरंबा कुदळीने उतरवून पाहावा व खोल जागी मुरूम टाकावा. दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे, आणि भात काढणीनंतर जमीन वाळलेली असताना ते सोपे जाते.