इस्लामपूरचा ‘प्रतोद’ आणि मुद्रणस्वातंत्र्य

१८९७ साली, तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राने कॅनडाच्या दाखल्यावरून स्वातंत्र्याच्या तयारीविषयी लेख छापला आणि त्याचे संपादक राजद्रोहाचे आरोपी ठरले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ‘अप्रीती’ म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव नव्हे, असे न्यायमूर्ती रानड्यांनी तेथे नमूद केले. परंतु शिक्षा कमी झाली, टळली नाही. पुढच्याच वर्षी सरकारने १२४-अ कलम अधिक व्यापक केले.

अमेरिकेतही हे स्वातंत्र्य सुखासुखी आले नाही. १७३५ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने मुद्रक झेंगर यास निर्दोष ठरविले. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने मुद्रणस्वातंत्र्याची ग्वाही दिली. तरीही १७९८ मध्ये तेथील सत्ताधाऱ्यांनी राजद्रोहाचा कायदा केलाच! १८०० साली मतदारांनी त्या पक्षास दूर सारले आणि १८०१ मध्ये मुदत संपलेला तो कायदा पुन्हा उठला नाही.

भारतात २०२४ पासून १२४-अ च्या जागी न्याय संहितेचे १५२ वे कलम आले आहे. क्रमांक बदलल्याने लेखणीवरील धाक जात नाही. सनद कागदावर असते. तिला बळ देतो तो निर्भयपणे मत देणारा आणि वर्गणी भरून गावचे छोटे पत्र जगविणारा नागरिक.