पगारातून कापला जाणारा कर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. करावर मी काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण आपल्यांपैकी बऱ्याच जणींची मुले, भावंडे अमेरिकेत आहेत, म्हणून घरातलीच गोष्ट सांगते.

माझी धाकटी बहीण तिकडे नोकरी करते. २०२२ साली तिचे यजमान गेले. मूलबाळ नाही. २०२४ च्या मार्चमध्ये मी तिच्या सोबतीला गेले होते. एप्रिलात कराचा हिशेब झाला, तेव्हा बरीच मोठी रक्कम भरावी लागेल असे निघाले. ती म्हणाली, "ताई, कर तर दर पगारातून कापतात, मग ही बाकी कुठली?"

आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. तिथे नोकरीला लागताना डब्ल्यू-फोर नावाचा कागद कचेरीत द्यावा लागतो. त्यावरून पगारातून किती कर कापायचा ते ठरते. २०१९ पर्यंत त्यात 'अलाउन्स'चा आकडा लिहावा लागे. आकडा मोठा तर कापणी कमी, शून्य लिहिले तर जास्त. २०२० पासून नव्या कागदातून तो आकडा गेला. पण जुना कागद बदलला नाही, तर तोच चालू राहतो. बहिणीचा कागद २०१७ चा होता. त्यावर 'विवाहित' आणि अलाउन्स दोन!

आपल्याकडे प्राप्तिकर ज्याचा त्याचा वेगळा. तिकडे नवराबायको एकत्र हिशेब देऊ शकतात. यजमान गेले त्या वर्षाचा हिशेब तिने एकत्रच दिला. पण पुढच्या वर्षी ती एकटी धरली गेली. २०२३ साली जोडप्याला २७,७०० डॉलरांची सरसकट वजावट होती, एकट्याला १३,८५०. कापणी मात्र जोडप्याचीच चालू होती.

मी विचारले, "कागद का बदलला नाहीस?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, त्या 'एकटी'च्या चौकोनात खूण करायला हात उठेना." मी काय बोलणार? तिच्याजवळ बसले. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या हाताने खूण केली.

नव्या कागदात पाच पायऱ्या आहेत. एकट्या माणसाची एकच नोकरी असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल, तर पहिली पायरी भरून पाचवीत सही केली की पुष्कळदा काम भागते. दोन नोकऱ्या असतील तर दुसरी पायरी विसरू नये. नाहीतर दोन्हीकडे कमी कापले जाते. वरची मिळकत असेल, तर दर पगारातून जादा कापा असे चौथ्या पायरीत लिहिता येते. पण फार जादाही नको. जादा गेलेले परत मिळते. पण हिशेब दिल्यावर, आणि तोवर आपलेच पैसे बिनव्याजी सरकारात पडून राहतात.

भगिनींनो, घरात लग्न होते, कुणी जाते, तेव्हा आपण सूतक पाळतो, सण करतो. कागदाकडे बघायचे राहून जाते. पुढच्या पत्रात किंवा फोनवर आपल्या माणसांना एवढे विचारा, "तुझा कागद आजचा आहे का?" आणि जिला ते बघवत नसेल, तिच्याशेजारी जाऊन बसा.