‘लीच’ : वैद्य की जळू?

परवा नाशिकला पंचवटीत एका स्नेह्यांकडे बसलो होतो. त्यांच्या वृद्ध आत्याबाई आत भाजी निवडीत होत्या. तिकडे मान वळवून कॉलेजात शिकणारे चिरंजीव हळूच म्हणाले, “शी इज अ लीच.” मराठीत आत्याआजीला ‘जळू’ म्हणण्यास हाच मुलगा धजला नसता. परक्या भाषेत जिभेचा संकोच सुटतो. म्हणून त्या शब्दाचीच थोडी चौकशी करू.

‘लीच’ म्हणजे रक्त पिणारी जळू, हे खरे. पण जुन्या इंग्रजीत हा शब्द वैद्यालाही होता. दहाव्या शतकातील एका हस्तलिखित वैद्यकग्रंथास आजही ‘लीचबुक’, म्हणजे वैद्याची पोथी, म्हणतात. डॅनिश व स्वीडिश भाषांत त्याच कुळातले शब्द डॉक्टरांसाठी अद्याप रूढ आहेत. वैद्य आणि जळू या अर्थांचा शब्द मुळात एकच, की दोन निराळे शब्द पुढे एकरूप झाले, याविषयी पंडितांत एकमत नाही. पुढे वैद्य मागे पडला, जळू राहिली, आणि दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसास तिचे नाव चिकटले.

आपल्याकडे ‘जलौका’ म्हणजे पाणी हेच जिचे घर ती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेरावा अध्याय तिच्यासाठीच आहे. तीत जळवांच्या बारा जाती सांगितल्या आहेत, सहा विषारी व सहा निर्विष. आणि रक्त काढण्याचा हा अत्यंत सुकुमार उपाय म्हणून बालक, वृद्ध, स्त्रिया व भित्री माणसे यांना तो योजिला आहे. वाग्भटाने तर तिला हंसाची उपमा दिली : हंस दूध वेचतो तशी ही आधी दूषित रक्त ओढते. एवढा विवेक तिच्या अंगी असेल असे आजचे शास्त्र मानणार नाही. मात्र तिच्या लाळेतील द्रव्याने रक्त गोठत नाही, हे 1884 साली हेक्राफ्ट यांनी दाखविले. आणि तुटलेले बोट पुन्हा जोडल्यावर तेथे साकळणारे रक्त वाहते ठेवण्यास शल्यवैद्य आजही जळवा लावतात. अमेरिकेत 2004 साली त्यांस वैद्यकीय साधन म्हणून रीतसर मान्यता मिळाली.

शिवाय पोट भरले की जळू आपण होऊन गळून पडते. सावकारास ‘रक्तपिपासू’ म्हणणाऱ्या कुळाला हा फरक चांगला ठाऊक असे. फुकट्या माणसाला मराठीने नाव दिले ते झाडावरच्या बांडगुळाचे.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. आत्याबाईंना तेही नाव लागू पडेना. त्याची आई टायफॉइडने दीड महिना अंथरुणास खिळली होती, तेव्हा चूल त्यांनीच सांभाळली होती. त्याने ते स्वतःच आठवून सांगितले, आणि निवडलेली भाजी उचलून आत ठेवण्यास उठला.