लेकरासारखं न्हाऊ घाला, औषध मात्र विचारूनच लावा

मी पडेगावहून बोलतेय. आज शेळी-म्हशीच्या नाही, घरातल्या छोट्या कुत्र्याच्या आंघोळीच्या गोष्टी सांगणार आहे. तुम्ही हसाल, म्हणाल, कुत्र्याची आंघोळ काय शिकायची? मीही तसंच म्हणायचे.

आमचा बिट्टू पांढरा, केसाळ, मांजरापेक्षा जरासा मोठा. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या कानामागं गोचिड झाले. छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून शेळ्या आणल्या होत्या, त्यांच्यासाठी घेतलेलं गोचिडाचं औषध घरात उरलं होतं. मी ते अंदाजानंच पाण्यात कालवलं आणि बिट्टूच्या अंगावर ओतलं. थोड्या वेळानं त्याच्या तोंडाला लाळ सुटली, पाय लटपटायला लागले. पोरगी रडायला लागली. टॉवेलात गुंडाळून दवाखाना गाठला, म्हणून वाचला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, हा केवढासा जीव! शेळीचं औषध, शेळीचं माप याला कसं चालेल? शिवाय कुत्रं अंग चाटतं. म्हणजे ते पोटातही गेलं." त्या दिवसापासून मी बिट्टूची आंघोळ नीट शिकले.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरते. रोज धुतलं तर कातडी कोरडी पडते, खाज सुटते. जायकवाडी आपल्याच जिल्ह्यात, तरी नळाला रोज पाणी कुठंय? पण छोट्या कुत्र्याला एक-दीड बादली पुष्कळ झाली. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर आंघोळ नको, कोमट ओल्या फडक्यानं पुसा.

आधी केस विंचरा. गुंता तसाच ठेवून भिजवला तर तो आणखी घट्ट बसतो. मग उन्हं वर आल्यावर, वारा नसेल अशा जागी गोणपाट टाका, म्हणजे पाय घसरत नाहीत. पाणी कोमट हवं. लेकराच्या आंघोळीला आपण कोपर बुडवून बघतो ना, तसंच बघा. कानात कापसाचे सैल बोळे ठेवा, आंघोळीनंतर आठवणीनं काढा. पाणी मानेपासून मागं ओता. तोंडावर तांब्या ओतू नका, तोंड ओल्या फडक्यानं पुसा.

साबण कुत्र्याचाच घ्या. त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते, कपड्यांची पावडर किंवा भांड्याचा साबण तिला सोसत नाही. फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा, राहिला तर खाज येते. मग पंचानं कोरडं करा आणि उन्हात बसवा. उन्हाळा आहे म्हणून केस मुळापासून भादरू नका, ऊन थेट कातडीला लागतं.

खरं काम पुढंच आहे. अंग पुसताना बोटांनी चाचपत जा. कानाच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचिड तिथंच लपतात. हातात पिशवी घाला, चिमट्यानं गोचिड अगदी कातडीजवळ धरा, सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखानं चिरडू नका. रॉकेल, फिनेल लावू नका. कातडी भाजते, आणि चाटलं की पोटात जातं. गोचिडाची मादी अंडी घालते ती जमिनीवर, भिंतीच्या भेगांत, आणि एका वेळी हजारो. म्हणून नुसतं कुत्रं धुवून भागत नाही. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात टाका, कोपरे झाडून घ्या.

गोचिड फारच असतील तर कुत्र्याचं वजन करून डॉक्टरांना सांगा, ते सांगतील तेच औषध, तेवढंच लावा. कुत्रं खाईनासं झालं, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो गोचिडतापही असू शकतो. मग उद्यावर ढकलू नका.

घाबरलेलं कुत्रं आंघोळीत चावूही शकतं. म्हणून लहान पोरांच्या एकट्याच्या हाती हे काम देऊ नका. दात लागला, नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, मिरची, चुना काही भरू नका. कुत्र्याला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्या, पुढं डॉक्टर सांगतील त्या तारखेला दरवर्षी. लस दिलेली असली तरी दवाखाना चुकवू नका.

आपल्या साताऱ्याच्या खंडोबासमोर आपण हात जोडतो, त्याच्या पायाशी कुत्रं असतंच. त्याला मान देतो, तर घरातल्यालाही जपू या. मी चुकले, बिट्टूनं सोसलं. तुमच्या घरी उरलेल्या औषधाची बाटली असेल, तर आजच तिच्यावर "फक्त शेळ्यांसाठी" असं लिहून ती उंच फळीवर ठेवा. एवढं केलंत तरी माझं बोलणं कामी आलं म्हणायचं.