सरासरीचा शेतकरी कुठे भेटतो?

आमचा तिरोडा म्हणजे धानाचा मुलूख. इथे घराची ऐपत अजूनही एकरांत सांगितली जाते. म्हणून संख्याशास्त्रातली विषमता शिकवताना मी जमिनीचंच उदाहरण घेतो.

समजा, एका टोल्यावर नऊ शेतकरी आहेत. तिघांकडे एकेक एकर, तिघांकडे दोन-दोन, एकाकडे तीन, एकाकडे चार आणि एकाकडे वीस. एकूण 36 एकर; सरासरी चार. आता जमिनीच्या चढत्या क्रमाने सगळ्यांना ओळीत उभं करा. मधला, म्हणजे पाचवा, दोन एकरवाला. हा झाला मध्यक. सरासरीपेक्षा जास्त जमीन मात्र एकट्याचीच आणि सात जण सरासरीच्या खाली!

वीस एकरांच्या ओढीने सरासरी वर सरकते, मध्यक जागचा हलत नाही. या अंतरावरूनच विषमता मोजायची रीत इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखली जाते. सरासरीतून मध्यक वजा करा, तीनने गुणा आणि प्रमाण विचलनाने भागा. आपल्या उदाहरणात प्रमाण विचलन सुमारे 5.7 येतं. सहा भागिले 5.7, म्हणजे विषमता सुमारे 1.05. उत्तर धन आलं, तर आकड्यांचं शेपूट मोठ्या बाजूला लांबलेलं असतं. ऋण आलं, तर लहान बाजूला. सोप्या पेपरात बहुतेकांना ऐंशीच्या पुढे आणि दोघा-तिघांना वीस गुण पडले, की ऋण विषमता दिसते.

हे केवळ फळ्यावरचं गणित नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातलं सरासरी शेतीखातं 1.08 हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या जवळपास होतं. पण शंभरातली सुमारे 68 खाती एक हेक्टरच्याही आत होती. त्या खात्यांची आपसातली सरासरी 0.38 हेक्टर, पुरता एकरही नाही. म्हणजे ओळीतला मधला शेतकरी सरासरीच्या खालीच उभा होता.

पावणेतीन एकरांचा शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून कर्ज, पंप किंवा यंत्राची योजना आखली, तर एकराच्या आतल्या बांधीवाल्याला ती पेलणार कशी? म्हणून ग्रामसभेत कुणी सरासरी सांगितली, की मधल्या माणसाचा आकडाही विचारा. दोन्ही जवळजवळ असतील, तर सरासरी बरीचशी भरवशाची. लांब असतील, तर आधी त्या मधल्या माणसाचा हिशेब मांडायला सांगा.